पेशीचं मरण तिच्या चुलीपाशी ठरतं

गटाची बैठक संपते, पासबुकं पिशवीत जातात, आणि उठता उठता तब्येतीचं बोलणं निघतं. त्यात एक वाक्य फार वेळा कानावर येतं. "अंगावरून पांढरं जातंय, डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." हे वाक्य ऐकलं की बाई घाबरते, घरचे घाबरतात, आणि उसनवारी करून ऑपरेशनची तारीख ठरते. कॅन्सर नेमका होतो कसा, त्याला किती वेळ लागतो, मध्ये थांबवता येतो का, हे विचारायला कुणी थांबत नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे. मात्र सुरुवात पिशवीपासून करणार नाही. सुरुवात करणार आहे एका पेशीपासून, म्हणजे तुम्ही शाळेत कांद्याचा पापुद्रा काचेखाली ठेवून पाहिला असेल, त्यात विटांसारख्या रचलेल्या दिसल्या होत्या ना, त्यांच्यापासून.

कॅन्सर म्हणजे काय, असं विचारलं तर आपण सांगतो, गाठ वाढते. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की तिथल्या पेशी मरायच्या वेळी मरत नाहीत. पेशीनं वेळेवर मरणं हे निरोगी शरीराचं रोजचं काम आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज काही हजार कोटी पेशी मरतात आणि तितक्याच नव्या होतात. आपल्याला पत्ताही लागत नाही.

बाईच्या शरीरात तर हे ठळक दिसतं. बाळाचं अंगावरचं दूध तोडलं की दोनचार दिवस छाती दाटते, दुखते, आणि मग हळूहळू उतरते. तिथं काय होतं? दूध तयार करणाऱ्या पेशींचं काम संपलेलं असतं, म्हणून त्या स्वतःहून मरतात आणि शरीर त्यांचं साहित्य परत वापरतं. पोटातल्या बाळाचे हात आधी पातेऱ्यासारखे सपाट असतात. बोटांच्या मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात, तेव्हा पाच बोटं सुटी होतात. बदकाच्या पायात त्या पेशी मरत नाहीत, म्हणून त्याच्या बोटांमध्ये पडदा राहतो.

हे मरण वेगळं कसं, ते सांगते. आपल्याकडं जुनं माळवदाचं घर दोन तऱ्हेनं जातं. एक तर पावसाळ्यात भिंत भिजते आणि घर धाडकन बसतं. माती, तुळया, भांडीकुंडी सगळं एकात एक, आणि आठ दिवस सगळी गल्ली राडा उपसत बसते. दुसऱ्या तऱ्हेत घरातली माणसं बसून ठरवतात की घर उतरवायचं. मग आधी सामान बाहेर निघतं, मग वरची माती, मग एकेक तुळई, खांब, चौकट. चांगलं लाकूड शेजारी नेतात. शेवटी जागा झाडून मोकळी. पेशीचंही तसंच आहे. हात भाजला, बोट चेचलं, की तिथल्या पेशी पहिल्या तऱ्हेनं मरतात. त्या फुटतात, आतलं सगळं बाहेर सांडतं, सूज येते, कधी पू होतो. दूध तोडल्यावर मरणाऱ्या पेशी दुसऱ्या तऱ्हेनं जातात. पेशी आकसते, तिचे छोटे छोटे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा पापुद्र्यात नीट बांधलेला असतो, आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही.

१९७२ साली केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी या दुसऱ्या मरणाला नाव दिलं, अ‍ॅपॉप्टोसिस. हा ग्रीक शब्द आहे, झाडाची पानं गळण्यासाठीचा. आपण त्याला नियोजित पेशीमृत्यू म्हणू, किंवा सरळ "घर उतरवणं" म्हणू.

आता प्रश्न असा की घर उतरवायचं हे ठरवतं कोण, आणि कुठं?

बरीच वर्षं लोकांना वाटायचं, पेशीचा सगळा कारभार मधल्या केंद्रकातून चालतो, तेव्हा मरणही तिथूनच येत असेल. पण मरणाचा मोठा फैसला होतो तो दुसरीकडंच. बहुतेक प्रकारच्या पेशींत शेकड्यांनी लहान लहान कण असतात, पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात, इंग्रजी शाळेतली पोरं मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. या पेशीच्या चुली आहेत. आपण खाल्लेली भाकरी आणि श्वासातला ऑक्सिजन इथं एकत्र येतात आणि पेशीला ताकद मिळते. (जाता जाता सांगते, या चुली आपल्याला आईकडूनच मिळतात. बापाच्या बाजूच्या बाळापर्यंत टिकत नाहीत. वाटणीपत्रात कुणी लिहीत नाही, पण एवढा वारसा तरी पूर्ण आईचा.)

तंतुकणिकेला दोन पापुद्रे असतात, एक आतला, एक बाहेरचा. त्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एक लहानसं प्रथिन राहतं, सायटोक्रोम-सी. प्रथिन म्हटल्यावर आपल्याला डाळ आणि अंडं आठवतं. ते बरोबरच आहे, पण पेशीच्या आत प्रथिन म्हणजे काम करणारा गडी. हजारो तऱ्हेची प्रथिनं, प्रत्येकाचं काम वेगळं. या सायटोक्रोम-सीच्या पोटात लोह असतं, रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं तशाच प्रकारचं. ऊर्जा तयार होताना जो भार हातोहात पुढं द्यावा लागतो, तो इकडून घेऊन तिकडं देणं हे त्याचं रोजचं काम. म्हणजे हा चुलीतला निखारा. चुलीत आहे तोवर त्याच्यावर भाकरी भाजते.

तोच निखारा चुलीबाहेर पडला तर? पेशीत नेमकं हेच होतं. बाहेरच्या पापुद्र्याला भोकं पडली की सायटोक्रोम-सी बाहेर सांडतं. बाहेर अ‍ॅपाफ-१ नावाचं एक प्रथिन गुंडाळी करून पडलेलं असतं. सायटोक्रोम-सी त्याला चिकटलं की ते उलगडतं, आणि असे सात जण एकमेकांना धरून चाकासारखं कडं करतात. त्या कड्यावर कॅस्पेज नावाच्या कात्र्या जाग्या होतात. पहिली कात्री दुसऱ्या कात्र्यांना जागं करते, त्या पुढं पेशीतले खांब कापतात, तुळया कापतात, केंद्रकातला धागा कापायला लावतात. या कात्र्यांना एरवी बांधून ठेवणारी प्रथिनंही पेशीत असतात. पण त्याच भोकांतून स्मॅक नावाचं आणखी एक प्रथिन बाहेर येतं आणि ती बांधणी सोडवतं. भोकं पडायला लागली की काही मिनिटांतच निखारे बाहेर येतात. इथं निखाऱ्याची उपमा तुटते, कारण पेशीत आग भडकत नाही. शिस्तीत घर उतरतं.

म्हणजे सगळी भिस्त त्या भोकांवर आली. भोक पाडायचं की नाही, हे ज्यांच्यात ठरतं ती प्रथिनं एकाच घराण्यातली आहेत. घराण्याचं नाव बीसीएल-२. एकाच घराण्यात राखणारेही आहेत आणि फोडणारेही, तेव्हा भाऊबंदकी आपल्या गावातच असते असं समजू नका.

या घराण्यात तीन तऱ्हेची माणसं. पहिली तऱ्हा राखणदारांची, त्यातलं मुख्य बीसीएल-२ स्वतः. ते तंतुकणिकेच्या बाहेरच्या पापुद्र्यावर बसून असतं. दुसरी तऱ्हा गिरमिटांची, सुतार लाकडात भोक पाडायला वापरतो तसली. यातली दोन नावं लक्षात ठेवा, बॅक्स आणि बॅक. बॅक चुलीच्या पापुद्र्यावरच असतं, बॅक्स बहुतेक वेळ पेशीच्या पाण्यात मुकाट तरंगत असतं. तिसरी तऱ्हा निरोप्यांची. पेशीला पोषण मिळेनासं झालं, तिचा केंद्रकातला धागा तुटला, तिचं काम संपलं, की त्या त्या खात्याचा निरोप्या निघतो.

निरोप्या येऊन करतो काय? राखणदाराच्या अंगावर एक खाच असते. त्या खाचेत तो गिरमिटाला धरून ठेवतो, फिरू देत नाही. निरोप्या येतो आणि त्याच खाचेत स्वतः बसतो. राखणदाराचे हात भरले, गिरमिट सुटलं. काही निरोपे तर थेट गिरमिटालाच हात लावून जागं करतात. मग बॅक्स आपला आकार बदलतं, पाण्यातून येऊन पापुद्र्यात रुततं, आणि बॅक्स-बॅक एकमेकांना धरून कडं करतात. त्या कड्याच्या मध्ये भोक. निखारा बाहेर. पुढचं सांगितलंच.

पेशी जगते की मरते हे एकट्या कुणाच्या मर्जीवर नसतं. राखणदार किती, निरोपे किती, याचा तोल असतो. एखाद दुसरा निरोप आला म्हणून पेशी मरत नाही. पुरेसे निरोपे जमले, राखणदार कमी पडले, तरच. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

राखणदार वाढले तर काय होतं, ते एका रक्ताच्या कॅन्सरमधून कळलं. त्यात गुणसूत्रांची अदलाबदल होऊन बीसीएल-२ भरमसाट तयार होतं. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्न इथं डेव्हिड वॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हे बीसीएल-२ पेशीला पळवत नाही, वाढवत नाही, फक्त मरू देत नाही. त्याआधी कॅन्सरचं प्रत्येक जनुक म्हणजे वाढ करणारं, असंच धरलं जायचं. पुढं याच ज्ञानातून औषध निघालं. व्हेनेटोक्लॅक्स नावाची गोळी राखणदाराच्या त्याच खाचेत जाऊन बसते, जणू खोटा निरोप्या. २०१६ साली अमेरिकेत तिला काही रक्ताच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली.

आता एका बाईची गोष्ट, कारण तिच्यावाचून हे आपल्याला कळलंच नसतं. हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकेतली काळ्या समाजातली बाई. व्हर्जिनिया राज्यात तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई. पोटात गाठ लागतेय असं तिचं तिलाच जाणवलं. १९५१ मध्ये बाल्टिमोर शहरातल्या इस्पितळात तिच्या गर्भाशयाच्या तोंडाशी, आपण ज्याला पिशवीचं तोंड म्हणतो तिथं, कॅन्सर निघाला. त्याच वर्षी ती गेली, वयाच्या ३१ व्या वर्षी. उपचाराच्या वेळी डॉक्टरांनी तिला न विचारता गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत दिला. त्या पेशी बाटलीत मरेनात. वाढतच राहिल्या, आजही जगभर वाढताहेत. शास्त्रज्ञ त्यांना हेला पेशी म्हणतात, तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरांवरून. घरच्यांना ही गोष्ट वीसेक वर्षांनी कळली. बाईच्या शरीरातलं काही घेताना तिला विचारावं, एवढी साधी गोष्ट तिथंही पाळली गेली नव्हती.

१९९६ मध्ये अटलांटा इथल्या एमरी विद्यापीठात शियाओडोंग वांग आणि त्यांचे सहकारी कात्र्यांना जागं कोण करतं ते शोधत होते. त्यांनी हेला पेशी फोडून त्यातलं पाणी वेगळं केलं आणि त्यातले घटक एकेक करून निवडत गेले. जे हाती लागलं ते सायटोक्रोम-सी. हे प्रथिन जुनंच माहितीचं होतं, चुलीतलं म्हणून. तेच मरणाचा निरोप पुढं नेतं, हे तेव्हा उघड झालं.

जरा थांबून विचार करा. मरायला नकार देणाऱ्या कॅन्सरच्या पेशी, आणि त्यांच्याच पाण्यात निखारा आहे, चाक आहे, कात्र्या आहेत, आणि सगळं चालू स्थितीत आहे! मग हेन्रिएटाच्या पेशी मेल्या का नाहीत?

उत्तर एका विषाणूत आहे. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही. हेला पेशींमध्ये त्याचा १८ नंबरचा प्रकार सापडला. हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानं हा विषाणू आणि पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर यांचं नातं दाखवलं, त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. विषाणूचे प्रकार शंभराच्या वर आहेत, पण १६ आणि १८ हे दोन मिळून पिशवीच्या तोंडाचे सुमारे ७० टक्के कॅन्सर घडवतात.

विषाणूला स्वतःचं घर नसतं, तो पेशीच्या साहित्यावर आपल्या नकला काढतो. त्यासाठी पेशी विभागत राहिली पाहिजे, म्हणून तो ई-७ नावाचं प्रथिन सोडून पेशीला विभागायला भाग पाडतो. पण पेशीत एक तपासनीस असतो, पी-५३. पेशी भलत्या वेळी विभागायला लागली किंवा तिचा धागा तुटला, की पी-५३ उठतो आणि प्यूमा, नोक्सा अशा निरोप्यांना चुलीकडं धाडतो, बॅक्सही जास्त तयार करायला लावतो. म्हणजे विषाणूचा डाव तिथंच संपायला हवा. म्हणून विषाणूनं दुसरं प्रथिन ठेवलंय, ई-६. हे ई-६ पी-५३ वर "मोडीत काढा" अशी चिठ्ठी चिकटवायला लावतं, आणि पेशीचाच मोडीचा कारखाना पी-५३ चा चुरा करतो. तपासनीस तयार होत राहतो आणि त्याचा चुरा होत राहतो. एवढ्यावर ई-६ थांबत नाही, ते बॅक या गिरमिटालाही तशीच चिठ्ठी लावतं. चूल शाबूत, निखारा शाबूत, फक्त निरोप पोचत नाही. प्रयोगशाळेत हेला पेशींमधलं ई-६ बंद केलं, तर पी-५३ पुन्हा साठू लागतो. म्हणजे मरणाची वाट मिटलेली नसते, तिच्यावर पाय देऊन कुणीतरी उभं असतं.

आता घाबरू नका, कारण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. हा विषाणू फार सर्रास आढळतो. शरीरसंबंधातून, त्वचेला त्वचा लागून येतो. नवऱ्याला काहीही त्रास नसताना त्याच्याकडून येऊ शकतो, आणि कित्येक वर्षांपूर्वी आलेला असू शकतो. तेव्हा तपासणीत विषाणू निघाला म्हणून कुणाचं चारित्र्य काढायचं काम नाही. ज्यांना लागण होते त्यातल्या बहुतेकींचं शरीर दोनेक वर्षांत स्वतःच तो घालवून टाकतं. त्यात रक्तातल्या मारेकरी पेशींचा मोठा हात असतो. त्या बिघडलेल्या पेशीला चिकटून तिच्यात ग्रॅन्झाइम नावाचं प्रथिन सोडतात. ग्रॅन्झाइम बिड नावाच्या एका निरोप्याला कापतं, आणि कापलेलं बिड थेट चुलीकडं जाऊन गिरमिटं जागी करतं. पी-५३ ची वाट अडवली तरी चुलीकडं जाणारी दुसरी वाट शरीरानं ठेवलेली असते.

थोड्या बायकांमध्ये मात्र विषाणू ठाण मांडतो. न मरणाऱ्या पेशी जमत जातात, त्यांच्या धाग्यात चुका साचत जातात. तरी लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. अंगची ताकद कमी असेल, एचआयव्ही असेल, तर कमी वेळात होऊ शकतो. ही वर्षं म्हणजे आपल्या हातातला वेळ. या वेळात बिघडलेला भाग तोंडाशीच असतो, उघड्या डोळ्यांनी तपासता येईल अशा जागी.

तपासणी अशी. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी सांगितली आहे. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. दुखत नाही, भूल लागत नाही. दुसरी तपासणी विषाणूची, कापसाच्या बोळ्यानं नमुना घेऊन.

याचा उपयोग होतो का, हे आपल्याच बायकांनी दाखवून दिलंय. उस्मानाबाद, आता धाराशिव म्हणतो त्या जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. आठ वर्षांत, ज्या गटात एकदाच विषाणूची तपासणी करून उपचार केले, त्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. ज्या गटाला अशी तपासणी मिळाली नाही, तिथं ६४. त्या ६४ जणींचा विचार मनातून जात नाही. आम्लाची तपासणी एकदाच केली तर तिथं तितका फरक दिसला नाही. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या अभ्यासात तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून एकदा करून आलात तर पुढची तारीख वहीत लिहून ठेवा, हप्त्याची लिहितो तशी.

आणि पांढरा भाग दिसला तर पिशवी काढायची का? बहुतेक वेळा नाही. तेवढाच भाग गार करून गोठवतात किंवा गरम टोकानं जाळतात. ज्या पेशी आपणहून घर उतरवायला तयार नाहीत, त्यांचं घर बाहेरून पाडायचं. त्यानंतर काही दिवस पाणी जातं, कारण हे पाडणं आहे, राडा होणारच. पण बाई त्याच दिवशी चालत घरी येते. भाग मोठा असेल किंवा आत गेला असेल तर तुकडा काढून तपासतात आणि मग पुढचं ठरतं.

म्हणून त्या सुरुवातीच्या वाक्याकडं येते. नुसतं पांढरं जाणं हे कॅन्सरचं लक्षण धरून पिशवी काढणं, तेही तपासणीवाचून, हे मला पटत नाही. पांढरं बहुतेकदा जंतुसंसर्गानं जातं आणि औषधानं बरं होतं. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तोडणीचा खाडा, मुकादमाची उचल, पाळीतला त्रास, अशी कारणं त्यात आहेतच. पण कॅन्सरची भीती हेही एक कारण आहे. ऐन तिशीत पिशवी गेलेल्या, त्यातही बीजकोश काढलेल्या बाईची हाडं लवकर झिजतात, अंगातून गरम वाफा निघतात, आणि कामाला तर तसंच जावं लागतं.

मात्र काही लक्षणं अशी आहेत की त्यात एक दिवसही घालवू नका. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं. लाजून घरी बसलेली बाई उशिरा पोचते.

मुलींसाठी लस आहे. विषाणूची लागण व्हायच्या आधी, म्हणजे ९ ते १४ या वयात दिली तर तिचा सगळ्यात जास्त उपयोग. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक नावाची आपल्या देशात बनलेली लस २०२३ पासून मिळते. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच, कारण लशीत विषाणूचे सगळे प्रकार येत नाहीत.

केमोनं केस का जातात, हाही प्रश्न आला होता. केमो आणि शेक दोन्ही पेशींचा धागा तोडतात, म्हणजे इतके निरोपे उठवतात की पेशीला मरावंच लागेल. केसाच्या मुळाशी पेशी भराभर विभागत असतात, त्यांनाही तो मार बसतो आणि त्यांच्याही चुलींना भोकं पडतात. मुळं सहसा राहतात, म्हणून औषध थांबल्यावर केस परत येतात.

आणि शेवटचा एक प्रश्न, जो चिठ्ठीवर लिहून आला होता: ज्यांची पिशवी आधीच काढली आहे, त्यांनी ही तपासणी करायची का? पिशवी तोंडासकट काढली असेल, आणि ती कॅन्सरसाठी किंवा कॅन्सरच्या आधीच्या बिघाडासाठी काढलेली नसेल, तर सहसा गरज नाही. पण काही ऑपरेशनात वरची पिशवी काढतात आणि तोंड ठेवतात. तोंड राहिलं असेल तर तपासणी करायचीच. ऑपरेशनच्या वेळी मिळालेला डिस्चार्जचा कागद घरी ट्रंकेत असेल, तो काढून ठेवा. त्यावर लिहिलेलं असतं. कागद सापडत नसेल, तर आरोग्य केंद्रात सिस्टरला सांगा, आतून पाहिल्यावर तोंड आहे की नाही हे तिला लगेच कळतं.